नाचणारीचें आडनांव

सन २०२३ च्या मे महिन्यांत महाराष्ट्रापुढें एक मोठा गहन प्रश्न उभा राहिला. कांद्याचा भाव, पोरांच्या नोकऱ्या, मराठवाड्याचें पाणी असले किरकोळ विषय बाजूस सारून आमच्याच समाजांतील कांहीं पुढारी मंडळींनीं असें विचारलें कीं, गौतमी पाटील या नर्तकीला 'पाटील' हें आडनांव लावण्याचा अधिकार कोणीं दिला? ती पाटील नव्हे, तिच्या नाचानें पाटलांच्या नांवाला बट्टा लागतो, सबब तिनें तें आडनांव टाकावें. न टाकल्यास तिचे कार्यक्रम होऊं देणार नाहीं, असाही दम भरण्यांत आला. ती मुलगी धुळे जिल्ह्यांतली, पुण्यांत येऊन पोट भरणारी. तिनें सांगितलें कीं, आपण आपलें आडनांव सोडणार नाहीं. कांहीं दिवस वृत्तवाहिन्यांची चूल पेटली, मग विझली. प्रश्न मात्र राहिला, आणि तो त्या एका मुलीपुरता नाहीं, म्हणून आम्ही आज तो पुन्हा उकरून काढीत आहों.

तिचा नाच चांगला कीं वाईट, हा या लेखाचा विषय नव्हे. तिच्या एका हावभावावर टीका झाली, तिनें जाहीर माफी मागितली, तो हिशेब तेथें संपला. जुन्या लावणीच्या जाणकारांना तिची लावणी ही लावणीच वाटत नाहीं. त्यांचें म्हणणें त्यांच्यापाशीं. आम्हांला विचारावयाचें आहे तें एवढेंच कीं, नाच आवडला नाहीं तर नाचाला नांवें ठेवावीं. नाचणारीचें नांवच काढून घेण्याचा हा रिवाज कोठला?

आधीं पाटीलकी म्हणजे काय तें पाहूं. पाटील ही जात नव्हे, तो गांवचा हुद्दा. ज्याच्या घरीं पाटीलकी तो पाटील, मग तो मराठा असो, माळी असो, धनगर असो, कोळी असो, लिंगायत असो कीं जैन असो. खानदेशांत तर लेवा पाटील, गुजर पाटील, मराठा पाटील असा पाटलांचा इतका सुकाळ आहे कीं, भर बाजारांत 'ओ पाटील' म्हणून हांक मारली तर अर्धा बाजार मान वळवील. वतनें गेलीं, १९६२ च्या कायद्यानें महाराष्ट्रांतील मुलकी पाटलाचें पदही गेलें. आज उरला आहे तो पोलीसपाटील. त्याला सरकार नेमतें, आणि त्यांत दलित आहेत, बायकाही आहेत. ज्या हुद्द्याचा दप्तरांत मागमूस उरला नाहीं, त्याच्या अब्रूची राखण करावयास हे लोक निघाले, आणि तेंही एका एकट्या बाईच्या वाटेंत उभे राहून!

आमच्या वाचकांना वेदोक्ताचें प्रकरण सांगावयास नको. कोल्हापुरास पंचगंगेच्या घाटावर शाहू महाराजांच्या स्नानाच्या वेळीं १८९९ सालीं भटजी पुराणोक्त मंत्र म्हणूं लागला, कारण त्याच्या मतें छत्रपति झाले तरी ते शूद्रच. त्या एका अपमानांतून केवढी चळवळ उठली! कुळी कोणाची खरी, कोणत्या नांवाला नि कोणत्या मंत्राला कोण पात्र, हें ठरविणारे तुम्ही कोण, असा सवाल आमच्या वाडवडिलांनीं केला. तोच सवाल आज एक नाचणारी करीत आहे, आणि तिला उत्तर देण्यासाठीं आमचेच लोक भटजीच्या पाटावर जाऊन बसले आहेत. सोवळें तेवढें नवें नेसले आहेत.

बरें, हा नाच बघतो कोण? जुन्नर तालुक्यांतील नारायणगांव हें तमाशाची पंढरी म्हणून ओळखलें जातें. पाडव्याच्या सुमारास तेथें फडांच्या राहुट्या लागतात, आणि गांवोगांवचे यात्रा-कमिटीवाले येऊन आपापल्या जत्रेच्या सुपाऱ्या ठरवितात. या कमिट्यांवर कोण असतें? पाटील असतात, देशमुख असतात, सरपंच असतात, सोसायटीचे चेअरमन असतात. भाव तेच पाडतात, नारळ तेच फोडतात, पुढच्या खुर्च्यांवर तेच बसतात, आणि कोणत्या फडाला 'बायका चांगल्या' याची चौकशीही तेच करतात. गौतमीच्या कार्यक्रमांत जीं खुर्च्या मोडणारीं नि छपरावर चढणारीं पोरें दिसलीं तीं कोणाचीं? त्यांतल्या एकाचेंही आडनांव काढून घ्या, अशी मागणी झालेली आमच्या ऐकिवांत नाहीं. पैसे देणाऱ्या हाताला बट्टा लागत नाहीं, पैंजण घातलेल्या पायालाच लागतो, हें कोणतें शास्त्र?

आतां नाचणाऱ्या बायकांचीं नांवें एकदां सलग वाचून पाहा. पवळा हिवरगांवकर. विठाबाई नारायणगांवकर. सत्यभामाबाई पंढरपूरकर. यमुनाबाई वाईकर. कांताबाई सातारकर. सुरेखा पुणेकर. एकीच्याही नांवापुढें बापाची कुळी नाहीं. आहे तें गांव. महाराष्ट्रांत गांवावरून आडनांव घेणारे पुष्कळ आहेत हें खरें, पण येथें गोष्ट वेगळी आहे. येथें गांवाचें नांव घ्यावें लागलें, कारण बापाचें नांव घ्यावयाची सोय नव्हती, किंवा घेतलें तर जात उघडी पडून भाव पडत होता, किंवा ज्यानें नांव द्यावयाचें तो पुरुष सकाळीं आपल्या गांवीं सोवळा होऊन बसला होता. गांवानें नांव दिलें. गांवच्या पंगतींत पान दिलें नाहीं. विठाबाईच्या फडानें मात्र एक हिंमत दाखविली. 'भाऊ मांग नारायणगांवकर' असें जातीसकट नांव बोर्डावर लिहून तो फड महाराष्ट्रभर हिंडला. ज्या काळांत शिकलेली माणसें जात लपविण्यासाठीं आडनांवें बदलीत होतीं त्या काळांत हें झालें, याची नोंद आमच्या इतिहासकारांनीं करून ठेवावी.

हीच विठाबाई पोटुशी असतांना बोर्डावर नाचली, खेळ चालू असतां आंत जाऊन बाळंत झाली आणि पुन्हा बोर्डावर आली. ही हकीकत सांगतांना लोकांच्या डोळ्यांत पाणी येतें. पण खेळ बंद करा म्हणण्याचें भान तेथें कोणाला राहिलें नाहीं, याचें आश्चर्य कोणी करीत नाहीं. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झालेल्या या बाईचे अखेरचे दिवस हलाखींत गेले. २००२ च्या जानेवारींत ती वारली, आणि पुढें तिच्याच नांवानें सरकारचा पुरस्कार निघाला. मेलेल्या नाचणारीचें नांव घ्यावयास कोणालाच अडचण नसते.

आतां दुसऱ्या बाजूनें पाहूं. पाटलाचा गांवकीचा जोडीदार कुळकर्णी. वाळवें तालुक्यांतील रेठरे हरणाक्ष गांवचे श्रीधर कृष्ण कुळकर्णी (१८६६ ते १९४५) तमाशाच्या नादीं लागले, जातभाईंनीं त्यांना वाळींत टाकलें, आणि ते पठ्ठे बापूराव झाले. त्यांनीं सोसलें तें थोडें नव्हे, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. परंतु त्यांचें नांव आज लावणीच्या राजाचें नांव आहे. शाळेच्या पुस्तकांत, पुतळ्याखालीं, पुरस्कारावर तें मिरवतें. त्यांच्याबरोबर बोर्डावर उभी राहिलेली, संगमनेराकडची, महाराघरची पवळा हिच्या पायांनीं तीं कवनें लोकांपर्यंत नेलीं. तिच्यापूर्वीं तमाशांत बाईचें सोंग पुरुषच घेत. बोर्डावर पाय ठेवणारी पहिली स्त्री तीच, असें सांगतात. तिचें नांव बापूरावांच्या चरित्रांतलें एक प्रकरण होऊन राहिलें आहे. कुळकर्ण्यानें आडनांव टाकलें तर त्याग झाला. महारणीला टाकावयास आडनांवच नव्हतें.

आणखी एक कुळकर्णी सांगतों. २०१० सालीं 'नटरंग' हा चित्रपट आला, त्यांत सोनाली कुलकर्णी या नटीनें लावणी केली. सुरेख केली, घरोघरच्या पोरी ती पाहून आरशापुढें नाचल्या. त्या वेळीं कुळकर्ण्यांच्या नांवाला बट्टा लागला, तिनें आडनांव बदलावें, असें एकाही कुळकर्ण्यानें म्हटलें नाहीं. आणि तें बरोबरच केलें, असें आमचें मत आहे. जी समज कुळकर्ण्यांना आली ती पाटलांना येऊं नये, याची आम्हांला शरम वाटते. नुसत्या समजुतीचा प्रश्न आहे असेंही नाहीं. सिनेमांतली लावणी ही अभिनेत्रीची भूमिका. रात्र संपली कीं ती चाळ सोडून आपल्या घरच्या नांवाकडे परत जाते. फडावरची बाई चाळ सोडून जाणार कोठें? तिचें घर फडावर, तिचीं पोरें फडावर, आणि तिची जात तर चाळाच्या आधींपासून पायांत.

पुरुषांच्या बाबतींतही हाच न्याय. नारायणराव राजहंस लुगडें नेसून रंगभूमीवर आले, ते बालगंधर्व झाले. त्यांच्या शालूची नि नथीची नक्कल घरंदाज बायकांनीं केली, १९६४ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें, आणि पुण्यांत त्यांच्या नांवाचें रंगमंदिर आहे. त्यांची गायकी थोर होतीच. पण त्याच काळांत तमाशांत लुगडें नेसणारा महार-मांगाचा पोरगा होता, त्याला लोक 'नाच्या' म्हणत, आणि त्याच्या मागें टाळ्या वाजवीत त्या कौतुकाच्या नव्हत्या.

पुणें शहरांतील बुधवार पेठ हें या सगळ्या हिशेबाचें मोठें दप्तर आहे. औरंगजेबाच्या काळीं, १७०३ च्या सुमारास वसलेली ही पेठ पेशव्यांनीं बुधवार या नांवानें नांवारूपाला आणली. दुसऱ्या बाजीरावाचा बुधवारवाडा येथेंच होता. तो १८७९ सालीं जळून खाक झाला. पेशवाईंत नाटकशाळा पदरीं बाळगणें हा श्रीमंतीचा थाट होता, आणि त्या नाटकशाळांत विकत घेतलेल्या कुणबिणीही असत. होनाजी बाळा, राम जोशी, सगनभाऊ, प्रभाकर हीं नांवें आम्हांला पाठ आहेत. त्यांच्या लावण्यांवर ज्या नाचल्या त्यांतल्या एकीचें तरी नांव कोणा पंडितानें सांगावें! राज्य बुडालें, पोशिंदे गेले, आणि वाड्यांतला नाच गल्लींतल्या माडीवर आला. पुढें माडीवर नाच राहिला नाहीं, नुसती माडी राहिली.

आज बुधवार पेठेचें नांव घेतलें कीं ऐकणारा डोळा मिचकावतो. वास्तविक याच पेठेंत पुस्तकांचीं दुकानें आहेत, तपकीर गल्लींत विजेच्या सामानाचा बाजार आहे, दगडूशेठ हलवायाचा गणपति आहे, पिढ्यान्‌पिढ्या राहणारीं कुटुंबें आहेत. तरी मुलीला स्थळ सांगून आलें म्हणजे पत्ता देतांना लोक 'अप्पा बळवंत चौकाजवळ' म्हणतात, पेठेचें नांव गिळतात. एका पत्त्याच्या पायीं ज्यांना एवढें चोरटें व्हावें लागतें, त्यांनीं तरी विचार करावा कीं, तोच शिक्का जन्मभर आडनांवाच्या जागीं बाळगणाऱ्या बाईला काय होत असेल.

आणि याच पेठेंत, भिडे वाड्यांत, १८४८ सालीं जोतीराव नि सावित्रीबाईंनीं मुलींची शाळा काढली. तो जीर्ण वाडा २०२३ च्या डिसेंबरांत पाडण्यांत आला, तेथें राष्ट्रीय स्मारक करावयाचें ठरलें आहे. फुल्यांच्या शाळेंत शिकलेल्या मुक्ता नांवाच्या मांगाच्या मुलीनें १८५५ सालीं मांगमहारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदया'त छापला गेला. त्याच जातींतल्या कित्येक मुलींच्या हातीं त्यानंतरही शंभर वर्षें पाटी आली नाहीं, पायांत चाळ आले. भिडे वाड्यापासून दाणे आळीपर्यंत चालत जावयास कांहीं मिनिटें पुरतात.

आतां भाषेकडे वळूं, कारण जातीचा सगळा धंदा भाषेंत चालतो. सदाशिव पेठेंतली मुलगी नाचली तर तें नृत्य. कोल्हाट्याची मुलगी नाचली तर तो नाच. पहिली कलावती, दुसरी नाचणारी. पहिलीला मिळतें तें मानधन, दुसरीला मिळते ती बिदागी किंवा दौलतजादा. पहिलीचें सादरीकरण होतें, दुसरीची बारी होते. पहिली गुरूकडे शिकली म्हणावयाचें, दुसरीच्या रक्तांतच आहे म्हणावयाचें. म्हणजे दुसरीनें वयाच्या आठव्या वर्षापासून पहांटे उठून केलेली मेहनत हिशेबांत धरावयास नको! ज्या विद्येला बारा वर्षें लागतात तिला 'उपजत' म्हणून मोकळें होणें, ही मजुरी बुडविण्याची एक जुनी युक्ति आहे. कुंभारालाही ती लावली गेली, चांभारालाही.

कथ्थक घ्या. हा नाच दरबारांतून आणि तवायफांच्या कोठ्यांतून आलेला. पुण्यांत रोहिणी भाटे यांनीं १९४७ सालीं नृत्यभारती काढली. ब्राह्मण घरांतल्या मुलीनें घुंगरूं बांधणें हें त्या वेळीं धाडस होतें, आणि २००८ पर्यंतचें त्यांचें आयुष्य या विद्येच्या उपासनेंत गेलें. त्यांच्या तपश्चर्येला आमचा नमस्कार आहे. प्रश्न त्यांना नाहीं, त्यांच्या टाळ्या वाजविणाऱ्यांना आहे. कोठ्यावरचा नाच घरंदाज मुलीच्या पायांत येतांच शास्त्र झाला, तर बारीवरची अदा ज्यांची आहे त्यांच्याच पायांत असतांना शास्त्र कां होत नाहीं? यमुनाबाई वाईकर बसल्या जागीं नुसत्या डोळ्यांनीं आणि बोटांनीं लावणीच्या एका ओळीचे निरनिराळे अर्थ करून दाखवीत. जाणत्यांनीं तिला अभिनयाची पराकाष्ठा म्हटलें आहे. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१२ सालीं, वयाच्या शहाण्णव्या वर्षाच्या पुढें. एवढा उशीर त्यांच्या पायांमुळें झाला नाहीं.

शिवाय पैशाची गोष्ट आहेच. शहरांतल्या मुलीचें अरंगेत्रम् व्हावयाचें म्हणजे सभागृह, साथीदार, पोशाख, दागिने, रंगभूषा, पत्रिका, जेवण. लग्नाएवढा खर्च बाप करतो, आणि तो करतो कारण त्या खर्चानें मुलीची किंमत वाढते. बारीवरच्या मुलीचा बाप, असलाच तर, असें कांहीं करीत नाहीं. तिच्या नाचण्यावर दहा माणसें जेवतात. पेटीवाला, ढोलकीवाला, स्वयंपाकीण, म्हातारी आई, शाळेंत घातलेला भाऊ. थिएटरचा मालक तिकिटांतून आपला वांटा कापून घेतो, उरलें त्यांत पार्टी. एकीचा नाच घरच्या पैशावर चालतो, दुसरीच्या नाचावर घर चालतें. या दोघींना एकाच स्पर्धेंत उभें करून परीक्षक 'दर्जा' पाहतात!

कायदाही हाच चष्मा लावून बसलेला असतो. १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारनें तमाशावर बंदी घातली, आणि मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखालीं तमाशा सुधारण्याची समिति नेमली. सुधारणा कोणाची, तर ज्यांचें त्यावर पोट त्यांची; सुधारणारे कोण, तर ज्यांनीं तो कधीं केला नाहीं ते. २००५ सालीं याच मातींत दुसरा अंक झाला. सरकारनें मुंबई पोलीस कायद्यांत ३३ अ आणि ३३ ब हीं कलमें घातलीं. पहिल्यानें बिअर बार नि परमिट रूममधला नाच बंद. दुसऱ्यानें तीन तारे व त्यावरच्या हॉटेलांतला आणि नोंदलेल्या क्लब-जिमखान्यांतला नाच चालू. म्हणजे तीच कंबर, तेंच गाणें, तीच दारू. परंतु पाहणाऱ्याचा खिसा जड असेल तर ती संस्कृति आणि हलका असेल तर ती अनीति. मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं ही बंदी घटनाबाह्य ठरविली, सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं तेंच कायम केलें. पंचाहत्तर हजारांवर बायका बेकार झाल्या, हा आंकडा त्या खटल्यांत आला, आणि बंदीमुळें कित्येकींना शरीरविक्रयाकडे वळावें लागलें हें खुद्द न्यायालयानें नमूद केलें. पुन्हा नवा कायदा, पुन्हा अटी, पुन्हा २०१९ सालीं न्यायालयानें त्यांतल्या कांहीं रद्द केल्या. नाचणारी आणि देह विकणारी एकच, असें प्रथम आपण मानावयाचें, मग कायदा करून तिला तेथपर्यंत ढकलावयाचें, आणि शेवटीं बोट दाखवून 'पाहा, आम्ही म्हणत नव्हतों?' असें म्हणावयाचें.

येथें आमच्या चळवळीकडेही वळणें प्राप्त आहे. सत्यशोधकी जलशांनीं तमाशाचा सांगाडा घेतला, त्यांत भटशाहीवरचे सवाल घातले, आणि नाचणारी बाई तेवढी बाहेर ठेविली. आंबेडकरी जलशांनींही तेंच केलें. शिवराम जानबा कांबळे यांनीं पुण्याहून १९०८ सालीं 'सोमवंशीय मित्र' काढून मुरळीच्या चालीविरुद्ध आवाज उठविला. पठ्ठे बापूरावांनीं तमाशाच्या उत्पन्नांतून देऊं केलेली देणगी डॉ. आंबेडकरांनीं नाकारली, ही हकीकत घरोघर सांगितली जाते. आणि १९३६ च्या जूनमध्यें मुंबईस मुरळ्या-जोगतिणींच्या सभेंत हा धंदा सोडा असें त्यांनीं निक्षून सांगितलें. हे सर्व लोक बरोबर होते, असेंच आम्ही मानतों. ज्या व्यवस्थेंत जातीनें नेमून दिलें म्हणून बाई नाचते, तेथें तिला 'कलावंत' म्हणून हार घालणें ही फसवणूक आहे. गुलामाच्या गाण्याची तारीफ करून गुलामगिरी कायम ठेवतां येते.

पण त्या नकाराचा रोख बाजारावर होता, बाईवर नव्हता. नाच सोडा म्हणणाऱ्यांनीं दुसऱ्या हातांत पाटी देऊं केली होती, मान देऊं केला होता. आजचे अब्रूवाले दुसऱ्या हातांत काय देतात? कांहींच नाहीं. ते नाच चालू ठेवतात आणि नांव तेवढें मागतात. गोव्यांतल्या कलावंत समाजानें राजाराम पैंगीणकरांसारख्यांच्या खटपटीनें 'गोमंतक मराठा समाज' हें नांव घेतलें, मुलें शिकविलीं, नाच सोडला, गाणें ठेविलें, आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांचीं गांवांवरून घेतलेलीं नांवें संगीताच्या इतिहासांत मानानें बसलीं. तेथेंही 'मराठा' हें नांव तुम्हांला कोणीं दिलें, असें विचारणारे होतेच. पुण्याच्या येरवड्यांत वाढलेल्या प्रा. शैलजा पाईक यांनीं तमाशांतल्या दलित स्त्रियांवर २०२२ सालीं मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिला व २०२४ सालीं त्यांना अमेरिकेंतला मॅकआर्थर सन्मान मिळाला. अश्लील आणि अस्सल या दोन शब्दांच्या कात्रींत या बायकांचें माणूसपण कसें कापलें गेलें, तें त्यांनीं दाखविलें आहे. तो ग्रंथ मराठींत यावयास हवा; सिनसिनाटीच्या वर्गांत शिकविलें जाणारें नारायणगांवच्या वाचनालयांत मिळूं नये, हें बरें नव्हे.

नांवाच्या गोष्टीवर पुन्हा येतों. कोल्हाटी समाजांतले डॉ. किशोर शांताबाई काळे यांचें 'कोल्हाट्याचं पोर' हें आत्मकथन १९९४ सालीं निघालें, तेव्हां बापाच्या जागीं आईचें नांव पाहून लोक चपापले होते. तें नांव कांहीं मौजेनें लावलेलें नव्हतें; ज्यानें द्यावयाचें त्यानें दिलें नाहीं, म्हणून जिनें वाढविलें तिचें लागलें. आणि काळाचा विनोद पाहा: १ मे २०२४ नंतर जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाच्या सरकारी कागदावर बापाच्या आधीं आईचें नांव लिहावें, असा महाराष्ट्र सरकारचाच निर्णय झाला आहे. बारीवरच्या पोरांना ज्यापायीं शाळेंत चिडवलें, तोच आतां पाटलांच्या, देशमुखांच्या नि कुळकर्ण्यांच्या घरचा कायदा झाला.

तेव्हां ज्यांना पाटीलकीची अब्रू राखावयाची आहे त्यांना करण्यासारखें पुष्कळ आहे, आणि तें त्यांच्याच हातांतलें आहे. येत्या पाडव्याला नारायणगांवीं सुपारी ठरवावयास जाल तेव्हां ठरलेले पैसे खेळाच्या आधीं मोजून द्यावे. जत्रेंत पाऊस आला वा दंगा झाला म्हणून कापूं नयेत. फडावरच्या बायकांना कपडे बदलावयास चारी बाजूंनीं बंद जागा आणि स्वतंत्र न्हाणी द्यावी, शेतांत पाठवूं नये. बोर्डावर चढणाऱ्या टग्याला, तो आपला भाचा असला तरी, पोलीसपाटलाच्या हवालीं करावें. वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठीं कागद लागतात. गांवांत कोणी थकलेली नाचणारी असेल तर ग्रामपंचायतीनें तिला दाखला द्यावा, आणि त्यावर ती जें आडनांव सांगेल तें लिहावें.